दुसऱ्या पाण्याची गोष्ट

सोलकढी ज्याने घरी केली आहे त्याला बिअरचा निम्मा इतिहास मी दहा मिनिटांत समजावून देऊ शकते. नारळ खवायचा, कोमट पाण्याबरोबर वाटायचा, फडक्यातून पिळायचा. निघतो तो जाड रस. तोच चोथा पुन्हा पाण्यात कालवून पिळला की पातळ रस. तिसऱ्यांदा पिळलं तर नुसतं पांढरट पाणी येतं, पण आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी आजी तेही टाकू देत नसे. ते आमटीत जायचं. चोथ्यात अजून काही शिल्लक आहे, ते काढायचं कसं आणि कुठे थांबायचं, हा तिचा रोजचा हिशेब. एडिंबऱ्यातल्या माझ्या गॅरेजात दर महिन्याच्या एका शनिवारी मी तोच हिशेब करते, फक्त नारळाऐवजी जवाचा.

मी इथे २२ वर्षं राहते, शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि ११ वर्षं घरी बिअर करते. (महाराष्ट्रातल्या वाचकांनी पुढचं सगळं इतिहास म्हणूनच वाचावं. तिकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी असले उद्योग करणं गुन्हा आहे.) बिअरसाठी जवाला मोड आणून ते वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. माल्ट जाडसर भरडायचं आणि साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर झाकून ठेवायचं. मोड येताना दाण्यात तयार झालेली एन्झाइम्स या उबेत पिठाची साखर करतात. तासाभराने पिंपात गोड लापशी असते. आता गोड पाणी वेगळं व्हायला हवं आणि कोंडा मागे राहायला हवा. पुढे हॉप्सची कडवट फुलं घालून उकळणं, गार करणं, यीस्ट घालणं, हे सगळं आहेच, पण माझा जीव अडकलेला असतो तो या गाळण्यात.

गाळण्याच्या पिंपाला जर्मन लोक लाउटर म्हणतात; लाउटर म्हणजे निर्मळ, निवळ. तळाशी तोटी, तोटीच्या वर भोकं पाडलेला दुसरा तळ किंवा जाळी, आणि तिच्यावर माल्टचा थर. गंमत अशी की खरी गाळणी जाळी नसतेच. जवाची टरफलं एकमेकांवर बसून जो थर होतो तो गाळतो; जाळीचं काम त्या थराला खाली जाऊ न देण्याचं. म्हणून तोटी उघडल्यावर पहिली दोन-चार भांडी गढूळ येतात, ती हळूच परत वर ओतायची. थर बसला की धार स्वच्छ होते. हा क्षण मला अजूनही आवडतो. गढूळ, गढूळ, गढूळ, आणि एकदम चहाच्या रंगाची आरपार दिसणारी धार.

धार संपली तरी माल्टने पाणी धरून ठेवलेलं असतं, एका किलोला जवळपास एक लिटर, आणि ते पाणी पहिल्या धारेइतकंच गोड असतं. ते सोडून देणं कुणालाच परवडत नाही. तिथून दुसऱ्या पाण्याची गोष्ट सुरू होते.

या गोष्टीतली माझी सगळ्यात आवडती बाई सोळाव्या शतकातली आहे. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७ साली इंग्लंडचं मोठं वर्णन लिहिलं, त्याच्या वाढवलेल्या आवृत्तीत स्वतःच्या घरची बिअर कशी होते तेही सांगितलं. बिअर अर्थातच तो करत नव्हता. बायको आणि मोलकरणी महिन्यातून एकदा करत. आठ बुशेल माल्ट घरच्याच जात्यावर दळायचं, म्हणजे गिरणीवाल्याला वाटा द्यावा लागत नाही. त्यात अर्धा बुशेल गहू आणि तेवढेच ओट्स. पहिलं उकळतं पाणी ८० गॅलन, हलक्या हाताने ओतायचं आणि न ढवळता राहू द्यायचं. ते निथळेपर्यंत चुलीवर दुसरं पाणी तापतं, ते त्याच माल्टवर घालायचं. मग तिसरं. नवऱ्याने हॉप्सचं वजन लिहिलं, खर्च लिहिला, उन्हाळ्यात किती उकळायचं आणि हिवाळ्यात किती तेही लिहिलं. बाईचा उल्लेख मात्र ‘माझी बायको’ एवढाच. सगळी कृती हाताने करणारीचं नाव कागदावर येत नाही, हे आपल्याकडच्या पाककृतींनाही नवीन नाही.

ओळीने येणाऱ्या या पाण्यांतून वेगवेगळ्या बिअर व्हायच्या. पहिल्या पाण्याची कडक, दुसऱ्याची रोजच्या जेवणातली, आणि शेवटच्याची ‘स्मॉल बिअर’, जी नोकरांना आणि मुलांनाही चालायची. जाड रस, पातळ रस, आमटीचं पाणी. एका माल्टमधून अनेक बिअर काढण्याच्या या पद्धतीला इंग्रजीत पार्टी-गाइल म्हणतात. लंडनच्या चिझिक भागातल्या फुलर्सने ती आधुनिक काळातही चालवली, फरक इतकाच की तिथे जाड आणि पातळ रस वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून एकाच माल्टमधून अनेक बिअर बसवतात. यात मला काटकसरीइतकाच शहाणपणाही दिसतो. चोथ्यातून सगळं एकदम ओढून काढायचं नाही. जे जेव्हा येईल त्याला त्याच्या मापाचं काम द्यायचं.

गाळणीही तेव्हा जागच्या जागी मिळणाऱ्या वस्तूंची असायची. इंग्लंडच्या शेतघरांत पिंपाच्या तोटीच्या तोंडाशी पेंढ्याची जुडी किंवा वेताची छोटी टोपली बसवत. फिनलंडमध्ये साहती नावाची गावठी बिअर अजून होते. २००२ साली युरोपीय संघाने तिला पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदवलं. तिची गाळणी म्हणजे कुऊर्ना, अॅस्पेनच्या ओंडक्याची कोरलेली द्रोणी, आत ज्युनिपरच्या डहाळ्या आणि पेंढा. नॉर्वेच्या गावांतही पिंपाच्या तळाशी ज्युनिपर घालतात. गाळणीच वास देते. केळीच्या पानावर थापलेल्या पदार्थाला पानाचा वास लागतो, तसंच.

मग एडिंबऱ्यात आणि आसपास कुणीतरी ठरवलं की दुसरं पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. या क्रियेचं नाव स्पार्ज, मूळ लॅटिन ‘स्पार्गेरे’, शिंपडणे. आमचे भटजी दर्भाने प्रोक्षण करतात तोच हात. स्कॉटिश ब्रुअर एकदाच लापशी करायचे, धार सुरू करायचे आणि वरून बारीक सरींनी गरम पाणी सोडत राहायचे. खालून जितकं जातं तितकंच वरून येतं, थर कधीच उघडा पडत नाही, आणि नवं पाणी जुन्या गोड पाण्याला खाली ढकलत नेतं. डब्ल्यू. एच. रॉबर्ट्सचं स्कॉटिश एलवरचं पुस्तक १८३७ साली आलं तेव्हा इकडे ही रीत चांगली रुळलेली होती. इंग्लंडमधले ब्रुअर अजून दोन-तीन पाणी वेगवेगळी घालत होते. पुढे तेही शिंपडण्यावर आले.

शिंपडणं कारखान्यालाच का मानवलं, याचं उत्तर मोजमापाच्या दोन उपकरणांत आहे. मायकल कॉम्ब्रून या लंडनच्या ब्रुअरने १७५८ साली थर्मामीटर वापरून ब्रुइंगवर निबंध लिहिला. त्याआधी पाणी किती तापलं ते हात घालून, नाहीतर वाफ निवून आपला चेहरा पाण्यात दिसतो का ते बघून ठरवत. मग १७८४ साली हलच्या जॉन रिचर्डसनने तरंगकाट्याचा वापर समजावून दिला. गोड पाण्यात तो काटा जितका वर तरंगेल तितकी साखर जास्त. या काट्याने लंडनचा एक मोठा भ्रम मोडला. पोर्टर नावाच्या काळ्या बिअरला स्वस्त म्हणून तपकिरी माल्ट वापरत. रिचर्डसनचं मोजमाप सांगू लागलं की महाग दिसणारं फिकट माल्ट इतकी जास्त साखर देतं की अखेर तेच स्वस्त पडतं. आणि स्पार्जिंगसाठी याहून मोठी गोष्ट घडली. कुठे थांबायचं ते कळू लागलं. जिभेवर थेंब घेऊन ‘अजून गोड आहे’ म्हणणाऱ्या माणसापेक्षा काटा कमी लबाडी करतो.

थांबायला का हवं, हे मी वर्गात चहाची पत्ती दाखवून सांगते. तीच पत्ती तिसऱ्यांदा उकळली की चव कमी आणि तुरटपणा जास्त. माल्टची साखर संपत आली, पाण्याचा पीएच ६च्या वर गेला आणि पाणी फार गरम असलं की टरफलातलं टॅनिन उतरू लागतं. म्हणून स्पार्जचं पाणी ७५-७६ अंशांच्या पुढे नेत नाहीत, आणि धारेची घनता १.०१०च्या आसपास आली की तोटी बंद करतात. आजी आमटीत घालायची ते तिसरं पाणी बिअरमध्ये घालायचं नसतं.

एकोणिसाव्या शतकात या शिंपडण्याला यंत्र आलं. तांब्याच्या दोन भोकं पाडलेल्या नळ्या, मधे खिळ, आणि पाण्याच्या जोरावर आपोआप गोल फिरणारी झारी. १८५३ साली ग्लासगोच्या जेम्स स्टीलने माल्ट आणि पाणी पिंपात पडतानाच मिसळणारं यंत्र काढलं. जर्मनीत लापशीचा काही भाग बाजूला काढून उकळत आणि परत मिसळत, म्हणून तिथे लापशीचं भांडं आणि गाळण्याचं भांडं वेगळं झालं. लाउटर पिंप रुंद आणि उथळ राहिलं, त्यात थर कापत फिरणाऱ्या सुऱ्या आल्या. इंग्रजी पिंप एकच आणि खोल. बेल्जियममध्ये फिलिप म्युराने १९०१ साली कापडाच्या पडद्यांतून दाबून गाळणारं यंत्र आणलं, म्हणजे पुन्हा फडकंच. पण त्यावर इथे थांबत नाही.

कारण घरचं पिंप या काळात रिकामं होत गेलं. ब्रिटनचा पंतप्रधान ग्लॅडस्टन याने १८८० साली माल्टवरचा जुना कर काढला. त्या कायद्याला ‘मोकळ्या पिंपाचा कायदा’ म्हणतात. पिंपात काय घालायचं त्याची मोकळीक, कर मात्र निघालेल्या गोड पाण्याच्या घनतेवर. रिचर्डसनचा काटा सरकारच्या हातात गेला. घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागू लागला. ही अट उठली ती थेट १९६३च्या अंदाजपत्रकात, अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंगच्या हातून. हॅरिसनच्या बायकोने जे परवान्याशिवाय केलं ते तिच्या पणत्यांच्या पणत्यांना पुन्हा करायला इतकी वर्षं लागली.

आणि तोपर्यंत रीत विसरली होती. आठवण सांगणारी आजीच नाही म्हटल्यावर माणूस कारखान्याकडे बघतो. घरगुती मंडळींनी कारखाना बादलीत बसवायचा प्रयत्न सुरू केला. इंग्लंडमध्ये डेव्ह लाइन नावाच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरने १९७४ साली घरच्या ब्रुइंगवर जाडजूड पुस्तक लिहिलं. प्लास्टिकची बादली, गरम करायची कॉइल, कापडी पिशवी असा त्याचा संसार. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला मोकळीक मिळाली, घरची बिअर राहून गेली. राष्ट्राध्यक्ष कार्टरने १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली तेव्हा तीही सुटली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन. चार्ली पपाझियनच्या १९८४च्या पुस्तकात एकात एक बसणाऱ्या दोन बादल्या आहेत, आतलीच्या तळाला ड्रिलने शेकडो भोकं. या जोडीला त्याने झपाप असं नाव दिलं. पुढे सहलीचा आइसबॉक्स पिंप झाला, कारण जो बर्फ वितळू देत नाही तो गरम लापशीही निवू देत नाही. तळाशी तांब्याच्या नळ्यांची जाळी, हॅकसॉने खाचा पाडलेली. आणि वर ती गोल फिरणारी झारी, पुढे प्लास्टिकची.

तशी एक झारी मीही विकत घेतली, इथल्याच एका दुकानातून. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं की याने थर कधीच अडकत नाही.

नळ्यांची जाळी का लागते, त्याला कारण आहे. डिजॉं शहराच्या कारंज्यांचं पाणी बघणाऱ्या आंरी दार्सी या इंजिनिअरने १८५६ साली वाळूतून पाणी किती वेगाने जातं याचा नियम मांडला. थर जाड तर वेग कमी, वरचा दाब जास्त तर वेग जास्त. पण पाणी आळशीही असतं. थरात एखादी सैल वाट मिळाली की सगळं तिथूनच जातं आणि बाजूची साखर बसल्या जागी राहते. शिंपडून धुवायचं तर तळाच्या सगळ्या भागातून सारखं पाणी निघायला हवं. म्हणून नळ्यांमधली अंतरं मोजायची, कडेला नळी नेमकी किती आत ठेवायची ते ठरवायचं, तोटी मिनिटाला लिटरभर इतकी मंद सोडायची आणि तास-दीड तास तिथे उभं राहायचं. घाईने तोटी उघडली तर थर दबतो, टरफलं चिकटतात, धार बंद.

माझी धार बंद झाली ती एका जानेवारीत, रात्री साडेदहाला. मी साठ टक्के गहू घातला होता. गव्हाला टरफल नाही, हे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला आधीच सुचायला हवं होतं. (यासाठी भाताचं तूस मिळतं, मूठभर मिसळलं की थर मोकळा राहतो; तेव्हा घरात नव्हतं.) वरची झारी झकास फिरत होती, खालून थेंब येईना. तोटीत रबरी नळी घालून फुंकलं. ढवळलं. पाणी थंड होत चाललं. नवरा जिन्यावरून विचारून गेला की झोपायचं आहे का. शेवटी मी कपाटातला उशीचा धुतलेला अभ्रा काढला, सगळी लापशी त्यात ओतली, गाठ मारली आणि हातमोजे घालून पिळली. चोथा पुन्हा गरम पाण्यात घातला, ढवळला, पुन्हा पिळला. जाड रस आणि पातळ रस.

पुढच्या उन्हाळ्यात आई आली होती. ती आयुष्यात दारूला शिवलेली नाही, पण गॅरेजात खुर्ची टाकून सगळं बघत बसली आणि म्हणाली, “हे तर नाचणीचं सत्त्व काढल्यासारखंच आहे. मोड आणायचे, वाटायचं, फडक्यातून गाळायचं, चोथा परत पाण्यात. मग एवढ्या नळ्यांचं लफडं कशाला गं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर बाकी जगात आधीच सापडलेलं होतं. ओरेगॉनच्या डेनी कॉन या घरगुती ब्रुअरने हिरिरीने सांगितलं की घरी शिंपडत बसू नका. पिंप पूर्ण निथळू द्या, दुसरं पाणी एकदम ओता, ढवळा, पुन्हा निथळू द्या. तळाशी नळ्यांची जाळीही नको, पाण्याच्या लवचीक नळीवरचं स्टीलचं विणलेलं आवरण तोटीला बांधलं की झालं. ढवळल्यावर साखर सगळ्या पाण्यात सारखीच पसरते, म्हणून पाण्याची वाट कुठून जाते याने काही बिघडत नाही. दार्सीची चिंताच मिटते. ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी आणखी पुढे जाऊन सगळं माल्ट एका मोठ्या पिशवीत भिजवलं आणि पिशवीच उचलली. थोडक्यात, वस्त्रगाळ.

माझे आकडे देते. ५ किलो माल्ट, १५ लिटर पाणी. माल्ट ५ लिटर पिऊन टाकतं, १० लिटर निघतं, घनता १.०८०च्या आसपास. दुसरं पाणी १६ लिटर, तेवढंच निघतं, घनता जेमतेम १.०२०. दोन्ही मिळून २६ लिटर, उकळून २३ उरतं. माल्टमधली साधारण तीन चतुर्थांश साखर हाती लागते. शिंपडून कदाचित अजून थोडी मिळाली असती. पाचशे किलो माल्ट भिजवणाऱ्याला ती सोडवत नाही. मला ती अर्ध्या किलोच्या जास्तीच्या माल्टच्या किमतीत विकत मिळते. एकदा उत्सुकता म्हणून तिसरं पाणीही घातलं होतं. १.००५. काटा जवळपास तळाला टेकला. चव तुरट.

अशा रीतीने दोनशे वर्षांच्या शिंपडण्यानंतर घरचं पिंप पुन्हा रॅडविंटरच्या त्या बाईजवळ आलं आहे. ती न ढवळता ठेवायची, आम्ही ढवळतो, एवढाच काय तो भेद. कारखान्यांनी शिंपडणं सोडलेलं नाही आणि सोडूही नये. त्यांचं गणित वेगळं आहे. पण एडिंबऱ्यातलेच मोठे कारखाने आता राहिले कुठे? होलिरूडला, जिथे जमिनीखालच्या पाण्यामुळे ब्रुअरींची रांग होती, तिथल्या एका ब्रुअरीच्या जागेवर स्कॉटलंडची संसद उभी आहे. १८६९ साली सुरू झालेली कॅलेडोनियन ब्रुअरी २०२२ साली बंद झाली. मी शेवटच्या महिन्यात तिच्या बाहेरून चालत गेले होते. त्या रस्त्यावर ओल्या माल्टचा वास यायचा, तो आता येत नाही.

ती प्लास्टिकची झारी मी टाकली नाही. बागेच्या नळाला जोडून मेथीच्या वाफ्यात लावली आहे, अजून छान गोल फिरते. जुलैत आमच्याकडे मेथी बरी येते.